मिथेन, इथेन आणि निळं रॉकेल

मी चौथीच्या वर्गाची बाई. डी.एड. करून शाळेत लागले त्याला आता चौदा वर्षं झाली. पाढे, परिसर अभ्यास, पान हिरवं का असतं, इथवर माझी गाडी बिनघोर चालते. पण रसायनशास्त्र म्हटलं की पोटात गोळा येतो. दहावीला विज्ञानात मी काठावर पास झाले आणि त्याच दिवशी ठरवलं, या विषयाचं तोंड पुन्हा बघायचं नाही.

पण बघावं लागलंच. माझ्या बहिणीची मुलगी यंदा दहावीसाठी माझ्याकडे राहायला आली आहे. परवा शनिवारी संध्याकाळी पुस्तक आपटत ती स्वयंपाकघरात आली.

"मावशी, ही नावं म्हणजे नुसता छळ आहे गं! मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन, पेंटेन... रात्री पाठ करते आणि सकाळी पेंटेन ब्युटेनच्या आधी येऊन बसतो."

माझ्या तोंडावर अगदी आलं होतं, "दहा वेळा लिहून काढ." पण शब्द गिळला. माझ्या वर्गातल्या पोरांना मी चिंचोके हातात दिल्याशिवाय एक पाढा म्हणायला लावत नाही, मग हिला का लावू?

शेजारी माझी आई उसळीसाठी भिजवलेले काबुली चणे निवडत होती. बाजूला वाटाण्यांची वाटी होती. आईच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना डाग आहे. त्याबद्दल पुढे सांगतेच. मी परातीतले मूठभर चणे घेतले, थोडे वाटाणे घेतले, खराट्याचे चार हीर मोडून त्यांचे बोटभर तुकडे केले आणि भाचीला म्हटलं, "चणा म्हणजे कार्बन, वाटाणा म्हणजे हायड्रोजन. कार्बनला चार हात, हायड्रोजनला एक. कुणाचाही हात मोकळा राहता कामा नये. एवढा एकच नियम. कर सुरू."

(हे सारं मी आदल्या रात्री तिच्याच पुस्तकातून चोरून वाचून ठेवलं होतं, हे तुम्हाला म्हणून सांगते.)

तिने एका चण्याला चार हीर टोचले, चार टोकांना चार वाटाणे. झाला मिथेन! गोबरगॅसच्या चुलीत मुख्यतः हाच जळतो, सी.एन.जी.वर चालणाऱ्या रिक्षातही हाच. मग दोन चणे एकमेकांना जोडले. प्रत्येकाचे तीन-तीन हात उरले, म्हणून सहा वाटाणे. हा इथेन. तीन चण्यांना आठ वाटाणे, प्रोपेन. चारांना दहा, ब्युटेन. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये मुख्यतः हे शेवटचे दोघे दाबून, द्रव करून भरलेले असतात.

"चणे जितके, त्यांच्या दुप्पट वाटाणे आणि वर दोन," भाची म्हणाली. "सूत्र पाठ होतं मला."

"वरचे दोन कुठून आले?" आईने विचारलं. आई सातवी शिकलेली, पण हिशेबाला पक्की.

भाची गप्प. मग तिने चार चण्यांची माळ उचलून नीट पाहिली आणि एकदम ओरडली, "टोकांचे! आजी, मधल्या प्रत्येकाकडे दोनच वाटाणे आहेत, पण टोकाच्या दोघांचा एकेक हात जास्त मोकळा असतो ना!" सूत्र तिला वर्षभर पाठ होतं. ते समजलं त्या क्षणी. बाईला यापेक्षा जास्त काय हवं असतं?

आता नावं. खरं सांगू का, पाचपासून पुढची नावं तुम्हाला आधीच येतात. पेंटेन म्हणजे पाच कार्बन. पेंट आणि आपला पंच. हेप्टेन सातांचा, हेप्ट आणि सप्त. ऑक्टेन आठांचा, ऑक्ट आणि अष्ट. नोनेन नऊ, आपल्या नवरात्रीतला नव. डेकेन दहा, आपल्या दशमीतला दश. सहाचा हेक्झेन तेवढा जरा वेष पालटून येतो, पण तोही आपल्या षट्कोनातल्या षट्‌चा भाऊच. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच मोठ्या भाषाकुळातल्या बहिणी, म्हणून आकडे असे सारखे. भाचीने लगेच पंचपाळं, सप्तपदी, अष्टविनायक, नवरात्र, दशमी अशी ओळ लावली आणि पेंटेन पुन्हा म्हणून जागचा हलला नाही.

मग पहिल्या चारांनी काय घोडं मारलं? त्यांना आकडे का नाहीत? तर ती चौघं गावातल्या जुन्या घरांसारखी. नगरपालिकेने घरांना नंबर देण्याआधीच त्यांना नावं पडली होती. ब्युटेन हे नाव आलं लोण्यावरून. बटर आणि ब्युटेन एकाच शब्दाची लेकरं! खवट लोण्याला जो उग्र वास येतो, तो ब्युटिरिक नावाच्या आम्लाचा. मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच शास्त्रज्ञाला ते आम्ल लोण्यातच सापडलं. त्यात चार कार्बन, म्हणून पुढे चार कार्बनवाला तो ब्युटेन. मिथेनच्या नावात ग्रीक भाषेतलं मद्य आणि लाकूड लपलेलं आहे, कारण लाकूड बंद भांड्यात तापवून मिळणाऱ्या स्पिरिटवरून ते नाव निघालं. त्यातला मद्याचा शब्द मेथु, म्हणजे आपल्या मधूचा सख्खा नातेवाईक. आईला हे फार आवडलं. "म्हणजे शेणाच्या गॅसमध्ये मध आहे म्हण की!" ती हसून म्हणाली.

पुढे नावांचा इतका गोंधळ झाला की १८९२ साली जिनिव्हा शहरात निरनिराळ्या देशांचे रसायनशास्त्रज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी नियम घातले. सर्वांत लांब ओळ धरायची, तिच्यावरून आडनाव. मग त्या ओळीतल्या कितव्या कार्बनला कोण लटकलं आहे ते पुढे जोडायचं, आणि मोजायचं जवळच्या टोकाकडून. आम्ही चार चणे सरळ न लावता तीन ओळीत आणि एक मधल्याच्या डोक्यावर असे लावले. कार्बन चारच, हायड्रोजन दहाच, पण हा वेगळा पदार्थ. याचं नाव २-मिथिलप्रोपेन. सरळ ब्युटेन शून्याच्या किंचित खाली उकळतो, तर हा उणे १२ अंशांच्या आसपास. सामान तेच, मांडणी वेगळी.

आणि नावाची शेपटीही उगाच नसते हं. ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ साली सुचवलं की इंग्रजीतले ए, ई, आय, ओ, यू हे स्वर क्रमाने शेपटीत घालू या. म्हणजे आपल्या बाराखडीचाच प्रकार. सगळे हात एकेरी धरलेले असतील तर अल्केन. कुठे दोन कार्बननी दोन-दोन हात धरले असतील तर अल्कीन. तीन-तीन धरले तर अल्काइन. दोन कार्बनचा अल्कीन म्हणजे इथीन. आंब्याच्या अढीत एक आंबा पिकला की शेजारचेही पिकायला लागतात ना, ते फळातून निघणाऱ्या याच वायूमुळे. दोन कार्बनचा अल्काइन म्हणजे वेल्डिंगवाल्याचा ॲसिटिलीन. तो कार्बाइडवर पाणी पडलं की निघतो. कार्बाइडने आंबे पिकवायला मात्र कायद्याने बंदी आहे, हे जाता जाता सांगून ठेवते.

अल्केन मंडळींना पूर्वी पॅराफिन म्हणत. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ, फारशी सोयरीक नसलेला. कारण आम्ल घाला, अल्कली घाला, ही मंडळी सहसा कुणाशी जुळत नाहीत. पाण्यातही विरघळत नाहीत, वर तरंगतात. पण ऑक्सिजन आणि ठिणगी मिळाली की मग बघायला नको.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. तुम्ही मैदानावर साखळीची पकडापकडी खेळता ना? ज्याच्यावर राज्य येतं तो एकटा असतो तेव्हा वाऱ्यासारखा पळतो. एकेक गडी जोडला जातो आणि साखळी दहा-बारा जणांची झाली की तिला धड वळताही येत नाही. कार्बनच्या साखळ्यांचं अगदी तसंच. एक कार्बनवाला मिथेन उणे १६१ अंशांनाच उकळतो, म्हणजे आपल्या घरात तो वायूच असणार. पाचवाला पेंटेन ३६ अंशांना. आपल्या अंगाचं तापमान त्याहून जास्त, म्हणजे तळहाताच्या उबेतच तो उडून जायचा. आठवाला ऑक्टेन १२६ अंशांना, दहावाला डेकेन १७४ अंशांना. साखळी जितकी लांब तितके तिचे रेणू एकमेकांना घट्ट धरून बसतात. पेट्रोलमध्ये साधारण पाच ते बारा कार्बनच्या साखळ्या असतात. रॉकेलमध्ये साधारण दहा ते सोळा. मेणबत्तीच्या मेणात विसाच्या पुढे, म्हणून ते घट्ट.

एवढं होतंय तोवर वीज गेली.

मेणबत्ती लावली. भाची म्हणाली, "थांब, शाळेत सरांनी दाखवलेली गंमत दाखवते." तिने मेणबत्ती फुंकली. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर निघाली. तिने पेटती काडी वातीला न लावता बोटभर वर, त्या धुरात धरली. ज्योत टुणकन उडी मारून वातीवर परत येऊन बसली! (हे मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय करायचं नाही.) तो धूर म्हणजे मेणाची वाफ, निवून तिचे बारीक कण झालेले. मेण घट्ट असताना पेटत नाही, पातळ झाल्यावरही तसं पेटत नाही. पेटते ती त्याची वाफ.

आईचा चणे निवडणारा हात थांबला होता.

"अशीच," ती म्हणाली. "अगदी अशीच उडी मारली होती त्या दिवशी."

मला ठाऊक होतं ती कुठल्या दिवसाबद्दल बोलते आहे.

१९९८ साल. मी चौथीत होते. आमच्या गावात तेव्हा गॅस दोन-चार घरांतच. बाकी सगळीकडे चूल, नाहीतर वातीचा स्टोव्ह. रेशनवर निळं रॉकेल यायचं. ते आलं की दुकानापुढे डबे, बाटल्या, कॅन यांची रांग लागायची. रॉकेल हा शब्द इंग्रजीतल्या रॉक ऑइलवरून आला असं म्हणतात, म्हणजे खडकातलं तेल. पेट्रोलियम या शब्दाचा लॅटिन अर्थही तोच.

त्या दिवशी आईने मला कॅन घेऊन रांगेत पाठवलं. आमच्या कॅनचं झाकण सापडेना. परसातल्या छपरीत काकांचा तसाच पांढरा कॅन होता. काका त्यांच्या लूनासाठी तालुक्याहून त्यात पेट्रोल आणून ठेवत आणि त्यांच्या वस्तूंना हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती. मी कॅन उचलला. तळाशी चार बोटं काहीतरी होतं. झाकण उघडल्यावर वास वेगळा आला. वेगळा आला हे मला कळलं होतं, मित्रांनो. पण रांग पुढे सरकत होती, आणि मला वाटलं, असेल मागचं शिळं रॉकेल. दुकानदाराने मापाने त्यावर चार लिटर ओतलं. घरी आणून मी ते मोठ्या डब्यात रिकामं केलं आणि काकांचा कॅन होता तिथे गुपचूप ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने स्टोव्ह भरला, पेटवला, चहाचं आधण ठेवलं. थोड्या वेळाने भप्प असा आवाज झाला आणि ज्योत वातींवरून खाली टाकीत उतरली. आई पातेलं उचलायला वाकली होती. मी घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन धावले, पण शेजारच्या काकू ओरडल्या, "पाणी नको!" आणि त्यांनी ओलं गोणपाट आणून स्टोव्हवर टाकलं. पाणी टाकलं असतं तर जळतं तेल त्यावर तरंगत साऱ्या घरभर पसरलं असतं. आईचा हात मात्र कोपरापर्यंत भाजला. महिनाभर आमच्या भाकरी त्या काकूंकडून येत होत्या.

बाबा रागाने थेट रेशन दुकानात गेले. मी मागोमाग होते. रांगेतल्या लोकांसमोर त्यांनी दुकानदाराला भेसळखोर म्हटलं, चोर म्हटलं. तो बिचारा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "याच बॅरलमधलं साऱ्या गावानं नेलंय, कुणाचा स्टोव्ह भडकला नाही." उरलेलं रॉकेल बाबांनी गावाबाहेर खड्ड्यात ओतून टाकलं. चार दिवसांनी काका रिकामा कॅन हलवत म्हणाले, "झाकण सैल राहिलं वाटतं. पेट्रोल उडून गेलं सगळं." मला तेव्हा खरं काय ते कळलं. आणि मी काही बोलले नाही.

का भडकलं, ते मला परवा, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, चणे टोचताना समजलं. द्रवाच्या पृष्ठभागावर ठिणगीने पेट घेईल इतकी वाफ जमायला ठरावीक तापमान लागतं. रॉकेलला ते ३५-४० अंशांच्या वर. म्हणून थंड रॉकेलच्या टाकीवर वाती सुखाने जळतात. पेट्रोलला ते शून्याखाली ४० अंशांच्या आसपास. म्हणजे थंडीच्या पहाटेसुद्धा पेट्रोलवर पेटाऊ वाफ तयारच असते. रॉकेलमध्ये थोडंसं पेट्रोल मिसळलं तरी त्यातले छोटे, चपळ रेणू आधी उडून टाकीतली रिकामी जागा भरतात. टाकी जरा तापली की पुढचं सांगायला नको.

मी हे सगळं भाचीला समजावत गेले, आणि समजावता समजावता माझा आवाज अडकला. मग आईकडे वळून म्हटलं, "आई, रेशनचं रॉकेल चांगलं होतं. कॅन काकांचा नेला होता मी. त्यात पेट्रोल होतं."

वीज आली. आईने आधी मेणबत्ती विझवली, मग म्हणाली, "तेव्हाच कळलं होतं तुला?"

"काका उडून गेलं म्हणाले तेव्हा."

ती बराच वेळ काही बोलली नाही. भाचीने चणे आणि वाटाणे निवडून वेगवेगळ्या वाट्यांत भरले.

"हाताचं काही नाही गं," आई म्हणाली. "हात काय, बरा झाला. पण तो माणूस पुढं कितीतरी वर्षं आपल्याला रॉकेल देताना माप काठोकाठ भरून वर थोडं जास्तीच ओतायचा. मला वाटायचं, चोरी पकडली गेली म्हणून घालतोय."

मला काय बोलावं ते सुचेना. शेवटी विचारलं, "आहेत का ते अजून?"

"आहेत. दुकान मुलगा बघतो. ते बाहेर ओट्यावर बसलेले असतात दिवसभर. ऐकू कमी येतं आता. तुझे बाबा असते तर त्यांनाच पाठवलं असतं, बोलले ते. आता तू चल."

"मी पण येऊ?" भाचीने विचारलं.

"तू अल्काइन कर," आजी म्हणाली.

रविवारी सकाळी साडेसातची एस.टी. आहे. त्यांना ऐकू कमी येतं म्हणजे मला हे मोठ्याने सांगावं लागणार, ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. आई म्हणते, तेच बरं.